पुणे-दिल्ली : तेव्हा साडेचार महिने, आता सव्वादोन तास

पुण्याहून दिल्लीला विमानाने किती वेळ लागतो असं कुणी विचारलं की आपण पटकन सव्वादोन तास सांगून मोकळे होतो, पण हे अंतर आपल्या माणसांना आधी किती पडायचं ते बघितलं ना की हा आकडा वेगळाच वाटायला लागतो.

सदाशिवरावभाऊ पानिपतच्या मोहिमेवर मार्च १७६० मध्ये निघाले, आणि तेही पुण्याहून नाही, जालन्याजवळच्या परतूरहून. बऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर करत करत दिल्ली हातात आली ऑगस्टच्या सुरुवातीला. तोफा, बुणगे म्हणजे न लढणारी सोबतची माणसं, तीर्थयात्रेला निघालेले लोक, त्यात पावसाळा आणि नद्यांना पूर, एवढं सगळं घेऊन साडेचार महिने म्हणजे मला तरी जास्त वाटत नाहीत. बातमी मात्र पळायची. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं तेव्हा नानासाहेब पेशवे मदतीला म्हणून उत्तरेकडे निघालेले होते, त्यांना भेलशाच्या मुक्कामी साधारण दहा दिवसांनी एका सावकाराच्या पत्रातून कळलं, तेच ते दोन मोत्यं (म्हणजे भाऊ आणि विश्वासराव) गळाली आणि सत्तावीस मोहरा (म्हणजे मोठे सरदार) हरवल्याचं पत्र. ते वाचताना आजही पोटात कालवतं. नानासाहेब परत आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

भेलसा म्हणजे आजचं विदिशा, आणि आपली झेलम एक्सप्रेस तिथूनच जाते! दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा, बराचसा रोख तोच जुना. १८५८ ला खंडाळा-पुणे रेल्वे आली, १८६३ ला बोरघाट जोडला गेला, पण उत्तरेसाठी खरं महत्त्वाचं काम म्हणजे १८७८ ची दौंड-मनमाड लाईन, कारण मग घाट उतरून कल्याणला जायची गरजच उरली नाही. तरी झेलमने दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर आणि एक अख्खा दिवस नि वर काही तास लागतातच.

लोहगावची धावपट्टी १९३९ ची, ब्रिटिशांनी मुंबईच्या रक्षणासाठी केलेला हवाई दलाचा तळ. अजूनही तळ हवाई दलाचाच, प्रवासी विमानं त्यांच्या वेळा सांभाळून उडतात.

हवाई अंतर सरळ रेषेत ११६० किलोमीटरच्या आसपास. जेट ताशी ८०० ने उडतं म्हटल्यावर दीड तासात पोचायला हवं असं वाटतं, पण तिकिटावरचा वेळ गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, वर चढणं-उतरणं आणि दिल्लीवर नंबर लागेपर्यंतचं घिरट्या घालणं सगळं आलं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडलं की हे गणित पार बदलतं, म्हणून संक्रांतीच्या सुमारास जाणार असाल तर भल्या पहाटे पोचणारं विमान नका घेऊ, दुपारचं घ्या.