‘2005ला पाणी इथं आलं नव्हतं’

कोल्हापूर-सांगलीकडं पूर म्हटलं की कुणीतरी भिंतीवरच्या खुणेकडं बोट दाखवतं : ‘2005ला पाणी एवढंच होतं, आपण वर आहोत.’

ती खूण म्हणजे त्या वर्षी पाणी कुठवर आलं याची नोंद. पुढं कुठवर येईल याची हमी नव्हे. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या खुणेच्याही वर गेलं आणि तिच्या भरवशावर बसलेल्यांना रात्री माळ्यावर चढावं लागलं. दोनच वर्षांत, 2021च्या जुलैत, पुन्हा महापूर. म्हणजे ‘एकदा येऊन गेला, आता निवांत’ हेही खोटंच!

दुसरा समज : धरणाचं पाणी सोडताना सांगतील, तेव्हा बघू. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात. शिवाय धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचं पाणी कुणाच्या हातात असतं?

खुणेपेक्षा आकडा बघा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कृष्णेची सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. इशारा पातळी गाठली की हलायची तयारी सुरू. सातबारा, रेशनकार्ड, बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. म्हातारीच्या गोळ्या महिन्याभराच्या. गॅस बंद, मेन स्विच बंद. जनावरं मात्र सगळ्यांत आधी, उजेडात हलवा. गुडघाभर पाण्यात बुजलेली म्हैस चौघांनाही आवरत नाही. आणि नाहीच नेता आली, तर निदान दावं तरी सोडा.