डीएनडी केलं तरी फोन का येतात?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून ऐकू येतं, '१९०९ या क्रमांकावर डीएनडी (जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद) केलं तरी प्लॉट विकणाऱ्यांचे फोन येतातच, सगळं थोतांड!' तसं नाही. डीएनडी बांधतं ते नोंदणीकृत जाहिरातदारांना. त्यांचे क्रमांक १४० ने सुरू होतात. साध्या १० आकडी मोबाइलवरून जाहिरात करणारा मुळात नियमच मोडतो, त्याला तुमची नोंद कशी अडवणार? त्याला अडवते तक्रार. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांतल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर, डीएनडी नसलं तरी, ७ दिवसांत ती १९०९ वर करता येते. १० दिवसांत ५ वेगवेगळ्या लोकांनी केली की मोबाइल कंपनीला कारवाई करावीच लागते. म्हणून कळकळीनं सांगते, नुसतं ब्लॉक करून गप्प बसू नका. शेजाऱ्याला तो फोन जाणारच आहे. फसवणुकीत पैसेच गेले असतील तर मात्र थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.