थेंब किती बारीक?

‘रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं, ही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली’ असा मजकूर दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. निफाडच्या माझ्या मावसभावाने तो वाचला आणि पंचवीस वर्षं जुन्या डिझेल जीपमध्ये फरसाणवाल्याकडचं तळणीचं तेल गाळून, निम्मं डिझेल मिसळून ओतलं. दिवाळीत गाडी छान पळाली. थंडी पडली आणि त्याचा फोन आला, “दादा, सकाळी गाडी उठत नाही. उठली तर पांढरा धूर, आणि चढाला पिकअपच घेत नाही.”

आधी त्या मजकुराबद्दल. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, हे खरं आहे. पण ते इंजिन बनवलं होतं खनिज तेलासाठी. आफ्रिकी वसाहतींत पिकणाऱ्या शेंगदाण्याचं काय करता येईल, हे फ्रेंच सरकारला पाहायचं होतं, म्हणून तो प्रयोग झाला. लपवालपवी कुठेच नव्हती. डिझेलने स्वतःच नंतर त्याची हकिगत सांगितली आहे.

तेल जळतं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो किती वेळात जळतं याचा, आणि त्याचं उत्तर नोझलमध्ये, म्हणजे इंजिनात इंधनाचा फवारा सोडणाऱ्या तोटीत आहे. नाशिककरांना नोझल काही परकं नाही. सातपूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत आली आहेत, आणि मायको सर्कल या चौकाचं नावही त्याच कारखान्याच्या जुन्या नावावरून पडलं. नोझलमधली सुई आणि तिच्याभोवतीची नळी यांच्यात फट असते दोन ते चार मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, तिचं तापमान 500 अंशांच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत नोझल इंधनाचा फवारा सोडतं. आता हिशोब करू. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब फोडून 20 मायक्रॉनचे थेंब केले, तर एकाचे 1,25,000 होतात आणि हवेला भिडणारा एकूण पृष्ठभाग पन्नासपट होतो. थेंबाची वाफ व्हायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास दुप्पट झाला की वेळ चौपट, तिप्पट झाला की नऊपट. आणि वेळ आहे किती? इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, 36 अंश फिरायला 3 मिलिसेकंद लागतात. फवारा, वाफ, हवेत मिसळणं, जळणं, हे सगळं साधारण तेवढ्यात उरकायचं असतं.

डिझेलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, 40 अंशांना 2 ते 4.5 सेंटिस्टोक्स असते. खाद्यतेलाची तीसच्या पुढे. कारण तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. त्या एकमेकींत गुंततात, प्रवाह जड होतो, फवाऱ्याचे थेंब मोठे पडतात. ते पुरते जळत नाहीत. काहींचा नोझलच्या तोंडाशी कोळसा होतो, त्याने फवारा आणखी बिघडतो, मग आणखी कोळसा धरतो. काही पिस्टनच्या रिंगांत चिकटतात, काही खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरून त्याला घट्ट करतात.

खरं बायोडिझेल वेगळं. त्यात तेलाची मिथेनॉल आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीबरोबर रासायनिक क्रिया करून तिन्ही साखळ्या सोडवतात. रेणू तिसरा हिस्सा उरतो, श्यानता 4-5 वर येते. नुसतं गाळलेलं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे.

निफाडला गेल्यावर आम्ही आधी इंधन आणि इंजिन यांचे दोष वेगळे केले. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल, नवा फिल्टर, नवी पाइप, इंजिनाकडून परत येणाऱ्या डिझेलची रिटर्न नळीही त्याच कॅनमध्ये. हँडपंपाने एअर काढली आणि गाडी सुरू झाली. म्हणजे मुख्य दोष टाकीकडचा. जुना फिल्टर कापला, तर आत तुपासारखा पिवळा थर. फरसाण बहुधा पामोलिनमध्ये तळतात आणि निफाडला पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. तेवढ्या थंडीत ते तेल गोठू लागणारच. जुन्या पाइपच्या पुढे पारदर्शक नळी लावून टाकीवर गाडी चालवली तेव्हा तिच्यात बुडबुडे दिसले. पाइप टोकाशी भेगाळून हवा ओढत होती.

याच पाइपवर कुणीतरी ‘मायलेज वाढवणारं’ लोहचुंबक बसवलं होतं. डिझेलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा कामाचा काहीही परिणाम होत नाही. तो पैसा शुद्ध फसवणुकीत गेला.

तरी एक सिलिंडर मिस करत होता. मिस्त्रींनी नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून किंचित सैल केले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं इंधन तुटतं, आणि तो चालू असेल तर इंजिनाचा आवाज बदलतो. (हे जुन्या पंपाच्या गाडीतच करायचं. नव्या गाड्यांतल्या कॉमन रेल या फार जास्त दाबाच्या इंधन यंत्रणेचा फवारा कातडी भेदून आत शिरतो.) तिसऱ्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडला नाही, म्हणजे तोच मेलेला. नाशकात चारही नोझल टेस्टरवर चढवली. तिघांतून धुकं उडालं आणि करकर आवाज आला. सुई झपाट्याने उघडझाक करते तेव्हा तो येतो. तिसरं नुसतं ठिबकत राहिलं. उघडलं तेव्हा सुईवर लाखेसारखा तपकिरी लेप होता आणि ती चिमट्यानेही हलेना.