मिरची उष्ण, मग तिला थंडी का बाधते?

डिसेंबर लागला की नाशिकच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. मिरचीचं नाव त्या बातमीत सहसा नसतं. गेल्या हिवाळ्यात गच्चीवरची माझी मलूल रोपं बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, मिरची मुळातच उष्ण. तिला कसली थंडी बाधतेय? नजर लागली असेल."

आधी 'उष्ण'चं बघू. मिरचीच्या आत बिया जिथे चिकटलेल्या असतात, त्या पांढऱ्या भागात कॅप्सायसिन तयार होतं. आपल्या जिभेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' अशी वर्दी जाते. कॅप्सायसिन तेच प्रथिन तापमान न वाढवता उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे आग होते ती आपल्या जिभेची. झाड हवेइतकंच गार असतं.

आता थंडी. पाच-सहा अंशांना पाणी गोठत नाही, मग रोप का मलूल होतं? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेलं असतं. खोबरेल तेलाची बाटली थंडीत पांढरीधोप होते, स्वयंपाकघरातलं शेंगदाणा तेल मात्र वाहतं राहतं. दोन्ही स्निग्धच. फरक रेणूंच्या शेपट्यांचा. खोबरेल तेलातल्या बहुतेक शेपट्या सरळ असतात, काड्यांच्या जुडीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि चोविसेक अंशांखालीच घट्ट होतात. शेंगदाणा तेलातल्या शेपट्यांना दुहेरी बंधाच्या जागी बाक असतो. वाकड्या काड्यांची जुडी घट्ट बसत नाही, म्हणून ते पातळ राहतं.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवतीचं पटल अशाच स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. गव्हाला थंडीची चाहूल लागली की तो आपल्या पटलात बाकदार शेपट्या वाढवत नेतो. निफाडच्या थंडीत गहू खुलतो, यात त्याचा मोठा वाटा आहे. मिरची उष्ण प्रदेशातली, तिला हे फारसं जमत नाही. दहा-बारा अंशांखाली तिचं पटल ताठरू लागतं, त्यातल्या प्रथिनांची कामं मंदावतात, क्षार बाहेर झिरपतात.

हे नुसतं अनुमान नाही. हरितलवकातल्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल नावाचा एक स्निग्ध रेणू असतो. त्याला सरळ शेपटी जोडायची की बाकदार, हे एक विकर ठरवतं. जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने १९९२ मध्ये त्या विकराचं जनुक तंबाखूत घातलं. थंडीला हळव्या असलेल्या, भोपळ्याच्या कुळातल्या स्क्वॉशचं जनुक घातलेली तंबाखू थंडीत जास्त करपली. थंडी सोसणाऱ्या ॲराबिडॉप्सिसचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाचं, जनुक घातलेली जास्त टिकली. तंबाखू मिरचीच्याच कुळातली, म्हणून हा प्रयोग मला जवळचा वाटतो.

गच्चीवर हे असं दिसतं. सकाळी सात वाजता तापमापीवर आठ अंश, कुंडीतली माती ओली, तरी पानं लोंबलेली. गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घालू नका. थंड रात्रीनंतरचं कडक ऊनही घातक असतं: पान प्रकाश गोळा करत राहतं, पण त्याने होणारी मोडतोड दुरुस्त करणारी यंत्रणा गारठलेली असते.

फुलांचं दुखणं वेगळं. रात्रीचा पारा पंधराच्या खाली राहिला की परागकण कमी आणि दुबळे तयार होतात, आणि तेही फूल उमलायच्या कितीतरी दिवस आधी. म्हणून थंडी सरल्यावरही काही दिवस फूलगळ चालू राहते. जी फळं धरतात ती बुटकी. जानेवारीत मी तोडलेली अशी एक मिरची बोराएवढी होती. चिरली तर आत पांढरी शीर होती आणि बिया फक्त दोन.

नजरेचा विचार डोक्यातून काढून टाका. नजर म्हटलं की कारण शोधणं थांबतं आणि तेवढ्यात रोप हातचं जातं. पानं आकसून वळली असतील तर तो बोकड्या: फुलकिडे, कोळी नावाची बारीक कीड किंवा पांढरी माशी पसरवते तो विषाणू. पानं सपाट असून लोंबत असतील, तर आधी तापमापी बघा. 'जगातली सर्वांत तिखट मिरची तुमच्या बाल्कनीत' म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं बी डिसेंबरात पेरू नका. बियांना उगवायला २५ ते ३० अंश लागतात.

इंग्लंडमध्ये हौशी लोक जानेवारी-फेब्रुवारीतच घरात, बुडाशी ऊब देणाऱ्या ट्रेमध्ये बी टाकतात, म्हणजे छोट्या उन्हाळ्यात फळ पिकायला वेळ मिळतो. अँडीजच्या डोंगरातली केसाळ पानांची, काळ्या बियांची रोकोटो मिरची गारवा बराच सोसते, पण दहिवर पडून गोठलं तर तीही मरते. आपल्याला एवढी खटपट नको. संध्याकाळी कुंड्या पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवायच्या, वरून क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचं पातळ कापड, घालायचं आणि ऊन वर आलं की काढायचं. यंदा मी हेच करतोय. भिंतीलगतच्या लवंगीला आज सात कळ्या मोजल्या.