वर्कमॅनेजर की अलार्ममॅनेजर: ‘दर 24 तासांनी’ म्हणजे ‘रोज रात्री 8 वाजता’ नव्हे

आईच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी मी अँड्रॉइडवर एक छोटं अ‍ॅप लिहिलं. रोज रात्री 8 ला आठवण करायची, एवढंच काम. वर्कमॅनेजरला, म्हणजे अ‍ॅपची पडद्यामागची कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाला, 24 तासांनी पुन्हा पुन्हा चालणारं काम लावून दिलं. पहिल्या रात्री आठवण वेळेवर आली, काही दिवसांनी पावणेनऊला, आणि एकदा तर आई झोपल्यावर. चूक माझी होती. मी त्याला वेळ सांगितलीच नव्हती, फक्त अंतर सांगितलं होतं.

वर्कमॅनेजर आपली सूचना अशी वाचतो: ‘24 तासांतून एकदा हे काम कर, फोनच्या सोयीनं.’ फोन डोझमध्ये, म्हणजे गाढ झोपेत असेल, तर तो थांबतो. वाय-फाय हवं, चार्जिंग चालू हवं अशा अटी घातल्या असतील, तर त्या पुऱ्या होईपर्यंत थांबतो. शिवाय पुढचे 24 तास तो मागचं काम जेव्हा झालं तिथून मोजतो, त्यामुळे आजचा उशीर उद्याच्या खात्यात जमा होतो. दोन फेऱ्यांमधलं अंतर किमान 15 मिनिटं लागतं. तुम्ही 5 लिहिलीत तर तो गुपचूप 15 करतो, फक्त लॉगमध्ये तशी नोंद दिसते. पण काम तो विसरत नाही. नोंद फोनवरच्या डेटाबेसमध्ये असते, म्हणून फोन बंद करून चालू केला तरी ती टिकते. काम फसलं आणि आपण ‘पुन्हा कर’ असं कळवलं, तर थोडं थांबून पुन्हा करतो.

अलार्ममॅनेजरला, म्हणजे ठरल्या वेळी अ‍ॅपला जागं करणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाला, घड्याळ कळतं. इथेही एक खड्डा आहे, आणि जुने लेख वाचून शिकलेले बरेच जण त्यात पडतात. पुन्हा पुन्हा वाजणारा अलार्म लावणारी त्याची सेटरिपीटिंग ही आज्ञा अँड्रॉइड 4.4 पासून अचूक राहिलेली नाही. ठरल्या क्षणी, फोन झोपेत असतानाही वाजायला हवं तर सेटएक्झॅक्टअँडअलाऊव्हाइलआयडल ही आज्ञा वापरावी लागते. तो अलार्म एकदाच वाजतो, म्हणून वाजल्यावर उद्याचा अलार्म आपणच लावायचा. अँड्रॉइड 12 पासून अचूक अलार्मला वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड 14 मध्ये बहुतेक नव्या अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याला सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. आईच्या फोनवर ती मी स्वतः चालू करून दिली. मुलं परगावी असलेल्या घरात हे कोण करणार, याचा विचार अ‍ॅप लिहिणाऱ्यानं आधीच करायला हवा. परवानगी नसेल तर तसं ठळकपणे सांगणारा पडदा दाखवा, साध्या मराठीत.

फोन रीस्टार्ट झाला की सगळे अलार्म पुसले जातात. फोन सुरू (बूट) झाल्याचा संदेश ऐकून ते परत लावणारा रिसीव्हर, म्हणजे असे संदेश ऐकणारा अ‍ॅपचा छोटा भाग, लिहिला नाही, तर बॅटरी संपून फोन बंद पडला त्या दिवसापासून औषधाची आठवण बंद, आणि कुणाला पत्ताही नाही. औषधाच्या अ‍ॅपमध्ये मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

अलार्म वाजल्यावर तो ऐकणाऱ्या रिसीव्हरला काम करायला जेमतेम काही सेकंद मिळतात. त्यात सर्व्हरशी बोलत बसू नये. आता आईच्या अ‍ॅपमध्ये 8 ची घंटा अलार्ममॅनेजर वाजवतो. गोळी घेतल्याची नोंद मला पाठवायचं काम वर्कमॅनेजरकडे आहे. ती रात्री 2 ला पोचली तरी चालतं.