घरगुती वजनकाट्याची अचूकता तपासणं

घरातला काटा जे वजन दाखवतो ते खऱ्या वजनापासून किती लांब आहे हे बघणं म्हणजे ही तपासणी. गोंधळ होतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. तीच वस्तू पाचदा ठेवली आणि पाचही वेळा 503 ग्रॅम आलं तर काटा स्थिर आहे एवढंच कळतं, बरोबर आहे हे नाही.

दोन पारड्यांच्या तराजूत मुख्य दोष दांडीचा, दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या नसतात. त्यावर एक उपाय म्हणजे वस्तू एकदा या पारड्यात, एकदा त्या पारड्यात तोलायची आणि दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं. 400 आणि 441 आले तर खरं वजन 420. ही रीत सहसा जर्मन गणितज्ञ गाउसच्या (1777–1855) नावाने सांगतात. दुसरी फ्रेंच गणितज्ञ बोर्दाच्या (1733–1799) नावाने, तिच्यात एका पारड्यात वस्तू आणि दुसऱ्यात कसलाही भार ठेवून दोन्ही समतोल करायचे, मग वस्तू उचलून तिच्या जागी प्रमाणित वजनं ठेवत पुन्हा समतोल साधायचा. नावं चिकटली म्हणून शोधही त्यांचेच असं धरू नये, तोलणाऱ्यांच्या हाती या युक्त्या आधीपासून असणं शक्य आहे. दोन्हींत बोर्दाची रीत जास्त उपयोगी वाटते कारण दांडीचा दोष तिच्यात आपोआप गळून पडतो आणि ती डिजिटल काट्यालाही लागू पडते: काटा चुकीचा पण स्थिर असेल तर वस्तूला आलेलं रीडिंग ज्या वजनांनी पुन्हा येतं तेच तिचं वजन.

डिजिटल काट्यात लोड सेल असतो, भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा. भार कडेला पडला तर तो वेगळा वाकू शकतो, म्हणून तेच वजन मधे आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं. लोड सेल गुरुत्वाकर्षणाचा जोर मोजतो आणि हा जोर विषुववृत्तापेक्षा ध्रुवांवर साधारण 0.5 टक्के जास्त, म्हणजे किलोमागे 5 ग्रॅम. पारड्यांच्या तराजूला याने फरक पडत नाही.

ताडून बघायला प्रमाणित वजन उत्तम, एम1 या अचूकतेच्या वर्गातल्या 1 किलोच्या वजनात फक्त 50 मिलिग्रॅम चूक चालते. पाण्याने तपासायचं तर 1 लिटर म्हणजे 1 किलो हे 4 अंश सेल्सिअसच्या आसपास खरं, 30 अंशाला ते सुमारे 996 ग्रॅम भरतं, शिवाय हवा पाण्याला किंचित वर उचलते त्यामुळे काटा आणखी ग्रॅमभर कमी दाखवतो, आणि मापाचा मगच काट्यापेक्षा जास्त चुकीचा असू शकतो.

माणसांचा काटा कडक फरशीवर ठेवावा. काही मॉडेल मागचं रीडिंग लक्षात ठेवून तेच परत दाखवतात, तेव्हा मधे एकदा वेगळा भार ठेवून मगच पुन्हा उभं राहावं.