सड्यावरचा कचरा, खालची विहीर आणि ‘दहा लाखांत एक’

कोकणात कचरा टाकायला जागा शोधायची वेळ आली की नजर जाते सड्याकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराकडे. शेती नाही, वस्ती नाही, नुसता कातळ; कागदोपत्री पडीक. पाण्याच्या हिशेबात मात्र हीच जागा सगळ्यांत मोलाची. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले पाणी जांभ्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावरच्या झऱ्यांना, वाडीतल्या विहिरींना येऊन मिळते. सड्यावर डंपिंग ग्राउंड झाले की कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, त्याच वाटेने उतरते. जाड मातीत त्यातले काही तरी अडकते, भेगांत फारसे अडकत नाही.

‘या पाण्याने कॅन्सर होईल का?’ असे खालच्या वाडीने विचारले, तर शास्त्र हो किंवा नाही म्हणत नाही, एक आकडा देते. तो आकडा कुठून आला, कोणाला डोळ्यासमोर ठेवून बेतला, हे कोकणातल्या माणसाने समजून घेतलेच पाहिजे, असे मला वाटते.

सुरुवात पाण्यापासून झालीच नाही, अन्नापासून झाली. अमेरिकेच्या अन्नविषयक कायद्यात 1958 साली डिलेनी कलम आले : माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर घडवणारा पदार्थ अन्नात मिसळायचाच नाही. पुढे तपासणीची यंत्रे इतकी सूक्ष्म झाली की शून्य अंश कुठे सापडेना. मग ‘जवळजवळ सुरक्षित’ मात्रा ठरवण्याची धडपड सुरू झाली. मँटेल आणि ब्रायन या संशोधकांनी 1961 मध्ये दहा कोटींत एक ही मर्यादा सुचवली, म्हणजे आयुष्यभर ती मात्रा घेणाऱ्या दहा कोटी माणसांत कॅन्सरचा फार तर एक जादा रुग्ण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1977 च्या नियमात दहा लाखांत एक धरली, तीही जनावरांना दिलेल्या औषधांचे जे अंश मांसात उरतात त्यांच्यासाठी. आज जगभर वापरला जाणारा ‘दहा लाखांत एक’ हा असा आला. तो निसर्गाचा नियम नाही. माणसांनी बसून ठरवलेली रेषा आहे.

कचरा या गोष्टीत आला तो लव्ह कॅनॉलमुळे. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात सुमारे वीस हजार टन रासायनिक कचरा पुरला होता. त्यावर शाळा आणि घरे उभी राहिली, आणि 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. 1980 मध्ये अशा जागा साफ करण्याचा ‘सुपरफंड’ कायदा झाला. 1983 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने धोका मोजण्याची चार पायऱ्यांची रीत घालून दिली, आणि 1989 मध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने सुपरफंडच्या जागांसाठी मार्गदर्शिका काढली. पाण्यात रसायन किती, माणूस रोज किती पाणी पितो, वर्षातले किती दिवस, किती वर्षे, त्याचे वजन किती : यावरून आयुष्यभराची सरासरी रोजची मात्रा काढायची आणि तिला त्या रसायनाच्या कॅन्सरकारकतेच्या गुणकाने गुणायचे.

एक उदाहरण करून पाहू. बेंझीन हे माणसात कॅन्सर घडवते हे सिद्ध झालेले रसायन. रंग, थिनर, गॅरेजचा कचरा यांतून ते कचराभूमीत येऊ शकते. समजा, विहिरीत ते लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेइतकेच. मार्गदर्शिकेतला माणूस 70 किलोचा, रोज 2 लिटर पाणी पिणारा, वर्षातले 350 दिवस आणि एकूण 30 वर्षे त्या घरात राहणारा. गुणक 0.055 धरला तर धोका येतो दहा लाखांत साधारण साडेसहा. आता आपल्या वाडीतली बाई घ्या. वजन 55 किलो. चढउतारावर काम, घाम, वर सकाळची पेज आणि शिजलेला भात, म्हणून विहिरीचे पाणी दिवसाला साडेतीन लिटर धरू. वर्षाचे 365 दिवस आणि तीच विहीर जन्मभर. धोका दहा लाखांत 35. पाणी तेच, बेंझीनही तेवढेच, आकडा पाचपटीहून अधिक. उलट मे महिन्यात आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याचा धोका यापेक्षा कितीतरी कमी. आणि हा गुणकसुद्धा पाणी पिणाऱ्यांवरून काढलेला नाही. ओहायोतल्या रबर कारखान्यांत बेंझीनची हवा श्वासातून घेणाऱ्या कामगारांच्या नोंदींवरून तो आला आहे.

‘आमच्या गावात तर कोणाला झाला नाही’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. 800 वस्तीच्या गावात दहा लाखांत 35 म्हणजे सत्तर वर्षांत 0.03 जादा रुग्ण. तो मोजून कधीच दिसणार नाही. मोजणीत जे दिसत नाही त्याच्यासाठीच तर हे गणित जन्माला आले. अशी दोन-तीनशे गावे असली तर मात्र तो अपूर्णांक माणसे होतो.

भारतात कचऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी, 1996 मध्ये. त्यातून 2000 चे घनकचरा नियम आले, पुढे 2016 चे. त्यांतल्या अटी अशा : कचऱ्याच्या भरावाच्या तळाला 90 सेंटीमीटर चिकणमाती, त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर अंतर. जांभ्याच्या मुलखात या 200 मीटरचा मला भरवसा वाटत नाही. पाणी उताराने आणि भेगांनी जाते. वरच्या बाजूची जवळची विहीर स्वच्छ राहील आणि खालची लांबची बिघडेल.

त्यात आपली विहीर वर्षभर एकसारखी नसते. मे महिन्यात तळ दिसतो, जुलैत हाताने पाणी घेता येते. पहिल्या पावसात साचलेला कचरा धुऊन निघतो, नंतरच्या धारेत तोच पातळ होतो. ऑक्टोबरमधला एकच नमुना घेऊन सत्तर वर्षांचा धोका काढणे चुकीचे आहे. निदान मेअखेर, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुमारास असे तीन हवेत. पावसाळ्यात विहिरीत टाकतात त्या टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, जंतू मरतात, बेंझीन किंवा कॅडमियम जात नाही. पाणी उकळले तर बेंझीन उडून स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि धातू होते तिथेच राहतात. गावपातळीवरच्या नेहमीच्या तपासणीत क्लोराइड, नायट्रेट, क्षारता आणि जंतू पाहतात. क्लोराइड आणि नायट्रेट अचानक वाढले तर लीचेट पोचल्याचा संशय घ्यायला जागा होते, पण गणिताची पहिलीच जागा, पाण्यात रसायन किती, तेवढ्याने भरत नाही. डंपिंगच्या उतारावरच्या वाडीने ग्रामसभेत मागायचे ते हेच : तीन ऋतूंतले नमुने, आणि तपासणीच्या यादीत बेंझीन, व्हिनाइल क्लोराइड, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम ही नावे लेखी.